चावी आपली, नंबर कंपनीचा

गाडीची चावी हरवली की हल्ली चावीवाला आठवत नाही, शोरूम आठवतं. आरसी बुक, आधार कार्ड, पोलिसांकडे नोंदवलेल्या गहाळ तक्रारीची प्रत द्या, आगाऊ पैसे भरा आणि चावी 'कंपनीतून' येईपर्यंत थांबा. बिल काही हजारांचं. घरात दुसरी चावी शिल्लक असेल तर निदान गाडी चालवत नेता येते. दोन्ही गेल्या असतील तर टोइंगचा खर्च वेगळा, आणि तालुक्याच्या गावातून शोरूम जिल्ह्याला असेल तर तो खर्च चावीएवढाच अंगावर येतो.

"एवढ्याशा प्लास्टिकच्या तुकड्याला एवढे पैसे?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. "सेन्सरवाली चावी आहे साहेब" हे उत्तरही ठरलेलं. पण पैसे सेन्सरचे नाहीत. कशाचे आहेत ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

सुरुवातीच्या मोटारी हँडल मारून चालू व्हायच्या. 1912 मध्ये कॅडिलॅकने विजेवर चालणारा स्टार्टर आणला, चार्ल्स केटरिंगने बनवलेला. तरी चावीचं काम फक्त वीज चालू-बंद करणं एवढंच होतं. स्टार्टर दाबायला वेगळं बटण किंवा पायाखालचा खटका असायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक अमेरिकन जीपना तर चावीच नव्हती, साधा खटका होता. लढाईत चावी शोधत बसायला वेळ कुणाला? चावी फिरवली की इंजिन सुरू, ही आज आपल्याला अनादी काळापासूनची वाटणारी सोय क्रायस्लरने 1949 मध्ये आणली.

पुढची बरीच वर्षं चावी म्हणजे दात पाडलेला धातूचा तुकडा. एसटी स्टँडबाहेर छत्रीखाली बसलेला चावीवाला कानस आणि चिमटा घेऊन दहा मिनिटांत दुसरी करून द्यायचा. चोरालाही तेवढंच सोपं होतं. कुलूप फोडायचं, दोन वायरी जोडायच्या आणि गाडी 'डायरेक्ट' करायची.

1986 मध्ये जनरल मोटर्सने शेवरोले कॉर्व्हेट गाडीच्या चावीत एक छोटा रेझिस्टर बसवला. त्याची पंधरा मूल्यं होती. दात बरोबर असले तरी गाडीला अपेक्षित असलेलं मूल्य नसेल तर इंजिन सुरू होत नसे. आजच्या मानाने हा पोरखेळच, कारण मीटर लावला की मूल्य कळायचं. पण चावी दोन गोष्टींची झाली ती तेव्हापासून: एक दात, दुसरा आकडा. दात डोळ्यांना दिसतात. आकडा दिसत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकू, कारण दुकानात त्याच्यावरच गोंधळ होतो. दरवाजे उघडणारं रिमोट आणि इंजिन सुरू करू देणारी चिप या वेगळ्या गोष्टी आहेत. रिमोट युरोपात 1982 च्या रेनो फ्युएगो गाडीबरोबर आलं. पॉल लिपशुट्झ यांच्या नावावरून फ्रान्समध्ये त्याला अजूनही 'प्लिप' म्हणतात. रिमोटला सेल लागतो. चिपला लागत नाही. साध्या चिपवाल्या चावीच्या गाडीत स्टार्टर स्विचभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून चिपला ऊर्जा मिळते. गाडी एक आकडा पाठवते, चिप आतल्या गुप्त आकड्याच्या आधारे उत्तर देते, ते जुळलं तरच इंजिनला परवानगी. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते, आणि बाजारातून नुसते दात कापून आणलेल्या चावीने दार उघडतं पण इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं किंवा सुरूच होत नाही.

ही चिप घरोघरी पोचली ती कंपन्यांच्या उदारपणामुळे नाही. नव्वदच्या दशकात युरोपात वाहनचोरीने विमा कंपन्या मेटाकुटीला आल्या होत्या. युरोपियन युनियनने 1995 मध्ये निर्देश काढला आणि ऑक्टोबर 1998 पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. कॅनडात 2007 मध्ये सक्ती आली. अमेरिकेत आलीच नाही. परिणाम बघा: ह्युंदाई आणि किया या कंपन्यांनी अमेरिकेत अनेक मॉडेल वर्षानुवर्षं इमोबिलायझरशिवाय विकली. कॅनडात मात्र कायद्यामुळे बसवूनच द्यावा लागला. 2021-22 मध्ये अमेरिकेतली पोरं यूएसबी केबलचं टोक वापरून या गाड्या पळवायला लागली, व्हिडिओ टाकायला लागली. शेवटी 2023 मध्ये सुमारे 83 लाख गाड्यांना सॉफ्टवेअर अपडेट द्यायची पाळी आली. त्याच कंपन्या, फरक नियमाचा.

म्हणजे चिप हवीच. माझं भांडण चिपशी नाही. आपल्याकडेही मारुतीने 'आयकॅट्स' नावाने ती आणली तेव्हा चांगलंच झालं.

भांडण आहे ते आकडा कुणाच्या ताब्यात, याच्याशी. नवी चावी करायला तीन गोष्टी लागतात: दात कापायला चावीचा नंबर, गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र, आणि बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझरचा पिन. पहिला आणि तिसरा कंपनीच्या नोंदीत असतो. यंत्र शोरूममध्ये असतं. प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंग पुष्कळ गाड्यांत काही मिनिटांचं काम आहे. आपण पैसे मोजतो ते मुख्यतः या दारातून आत जायचे.

कंपन्या म्हणतात, माहिती बाहेर दिली तर चोरांचं फावेल. म्हणणं अगदीच खोटं नाही, पण गुप्ततेने चोर थांबले असं इतिहास सांगत नाही. 2005 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए कंपनीच्या संशोधकांनी तेव्हा लाखो गाड्यांत असलेली चिप फोडून दाखवली. फोक्सवॅगनसह अनेक कंपन्यांच्या गाड्यांत असलेल्या 'मेगामॉस' चिपमधला दोष संशोधकांनी शोधला, तर 2013 मध्ये फोक्सवॅगनने इंग्लंडच्या हायकोर्टातून त्यांचा शोधनिबंध रोखला. दोन वर्षांनी एक वाक्य गाळून तो छापला गेला. दोष तोवर गाड्यांमध्ये तसाच.

कॅलिफोर्नियाने वेगळा रस्ता धरला. 2006 मध्ये तिथे खास चावीसाठी कायदा झाला. मालकाने नोंदणीकृत चावीवाल्याकडे ओळख पटवायची आणि चावीवाल्याला कंपनीकडून लागणारी माहिती चोवीस तास मिळायला हवी. पुढे अमेरिकेत पार्श्वभूमी तपासलेल्या चावीवाल्यांची राष्ट्रीय नोंदणी उभी राहिली. कुणी, कोणत्या गाडीचा कोड, कुणासाठी घेतला याची नोंद राहते. चोराला यात पडायला आवडणार नाही. प्रामाणिक कारागिराला चालतं.

आपल्याकडे कारागीर आहेत, नोंदणी नाही. पुण्या-मुंबईतच नव्हे, जिल्ह्याच्या गावातही आता बाहेरून आलेली प्रोग्रॅमिंगची यंत्रं घेऊन बसलेले चावीवाले आहेत. बहुतेक हे काम बघून बघून शिकलेले. शोरूमपेक्षा स्वस्तात चावी देतात. पण कंपनीच्या लेखी ते कुणीच नाहीत, आणि एखाद्याने चोराला मदत केली तर कळायची सोय नाही. म्हणजे सुरक्षितता आणि सोय, दोन्ही हातातून गेलं.

प्रश्न आपल्याकडे मांडलाच गेला नाही असंही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, असा ठपका होता. ते खुल्या बाजारात द्या, असा आदेशही होता. कंपन्या अपिलात गेल्या. 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत ठपका कायम ठेवला, दंड मात्र सुट्या भागांच्या उलाढालीपुरता खाली आणला. नंतर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली, मोटारी त्यात घेतल्या, पोर्टलही काढलं.

त्यात चावीपुरता एक साधा नियम का नसावा? गाडी विकताना चावीचा नंबर आणि पिन मालकाच्या हातात लेखी द्या, आणि पोलीस पडताळणी झालेल्या चावीवाल्याला ठरलेल्या फीमध्ये कोड द्या. आमदार-खासदारांच्या पत्रव्यवहारात हा विषय बसतो. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, तेव्हा विषय किरकोळ नाही.

तोवर तुमच्यापुरतं: नव्या गाडीच्या चाव्यांना नंबर कोरलेली छोटी पट्टी लावलेली असली तर ती किचेनमधून काढून घरात ठेवा. एक चावी उरलेली असतानाच दुसरी करून घ्या, ते स्वस्त पडतं. हरवलेल्या चावीच्या जागी नवी केलीत तर जुनी गाडीच्या मेमरीतून काढायला सांगा. सांगितल्याशिवाय ते होईलच असं नाही, आणि ती चावी कुणाला सापडली तर गाडी तिलाही ओळखते.