मावशीचा श्रीमंत हिरो

आजचा भाग कादंबऱ्यांवर आहे. ज्यांना पुरस्कार मिळतात, ज्या अभ्यासक्रमाला लागतात, त्या कादंबऱ्या आज बाजूला ठेवू. दुपारची भांडी झाल्यावर, पंख्याखाली आडवं पडून, खाकी कव्हर घातलेली, दुसऱ्या दिवशी लायब्ररीत परत द्यायची असायची ती कादंबरी. तिच्यातला हिरो तुम्हाला माहीत आहे. उंच, देखणा, परदेशातून शिकून आलेला. वडिलांचा कारखाना, आई बहुतेक वेळा वारलेली. बंगल्यात ड्रायव्हर आहे, तरी गाडी हाच चालवतो. आणि समोर हिरॉइन म्हणजे शिक्षिका, नर्स नाहीतर टायपिस्ट. घरी पेन्शनीत निघालेले बाबा आणि लग्नाच्या दोन धाकट्या बहिणी.

माझी मोठी मावशी अकोल्याला जठारपेठेत राहायची. मी अमरावतीचा, सुट्टीत तिच्याकडे जायचो. तिच्याकडे कायम अशी एक कादंबरी उघडी पडलेली असायची. इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी जरा शहाणपणाने तिला विचारलं, की मावशी, हे सगळे हिरो श्रीमंतच कसे गं? तुम्हाला सगळ्यांना पैसेवालाच पाहिजे होता का?

ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "अरे बाबू, गरीब हिरो आनला तं त्याची माय हुंडा मांगते ना. याच्या घरी सगळं हाये, मंग हा कायले मांगते?"

मी तेव्हा हसलो. आजचा भाग त्या हसण्याबद्दल आहे असं समजा.

आधी हा हिरो आला कुठून ते बघू. मराठीत त्याला घरोघरी नेलं ना. सी. फडक्यांनी. जन्म १८९४, मृत्यू १९७८, मधल्या काळात ढीगभर कादंबऱ्या. 'जादूगार' १९२८ चं, 'दौलत' १९२९ चं, 'अटकेपार' १९३१ चं. फडक्यांची पात्रं नीटनेटकी असतात, चांगले कपडे घालतात, फिरायला जातात, प्रेमात पडतात आणि पैशाची चिंता फारशी करत नाहीत. कॉलेजातली पोरंपोरी या पुस्तकांवर तुटून पडायची. फडके म्हणायचे कलेसाठी कला, आणि वि. स. खांडेकर म्हणायचे जीवनासाठी कला. हा वाद आपण शाळेत पाच मार्कांसाठी पाठ केलाय. खांडेकरांचे नायक ध्येयवादी, त्यागी. पण गंमत अशी की खांडेकरांची सगळ्यात जास्त वाचली गेलेली कादंबरी म्हणजे १९५९ ची 'ययाति', आणि तिचा नायक साक्षात राजा आहे.

फडक्यांनंतर हा हिरो बायकांच्या हातात गेला. कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर. कुसुम अभ्यंकर पेशाने डॉक्टर, रत्नागिरीच्या आमदारही झाल्या आणि प्रेमकथाही लिहीत राहिल्या. मराठी साहित्याच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं काढा, या बायकांना एक परिच्छेद मिळाला तर नशीब. आणि गावोगावच्या लायब्ररीच्या रजिस्टरवर मात्र त्यांचंच राज्य.

लायब्ररी हा भाग महत्त्वाचा आहे, कारण ही पुस्तकं विकत घेणारे लोक थोडेच होते. मराठी कादंबरीची आवृत्ती साधारण हजार-अकराशे प्रतींची असायची आणि त्यातल्या बऱ्याचशा ग्रंथालयं घ्यायची. १९६७ ला महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला, अनुदान सुरू झालं, लहान गावातही वाचनालय उभं राहिलं. त्याशिवाय गल्लीतल्या खाजगी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या होत्याच. डिपॉझिट भरा, महिन्याची फी भरा, उशीर झाला की दंड. काउंटरवरचा माणूस कुणाला काय आवडतं हे डोक्यात ठेवायचा. मावशी गेली की न विचारता दोन पुस्तकं काढून द्यायचा. आज आपण रेकमेंडेशन इंजिन म्हणून ज्याचं कौतुक करतो, ते तेव्हा धोतर नेसून स्टुलावर बसलेलं होतं.

वाचकांचं मतही त्याच पुस्तकात सापडायचं. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं. छान आहे, रडायला आलं, शेवट फुकट घालवला. एखादी पुढच्या वाचकाला आधीच सांगून टाकायची, की ती मरत नाही, घाबरू नका. मावशी असं कधी लिहायची नाही, पण दुसऱ्यांचं आधी वाचायची आणि मग ठरवायची.

आता वऱ्हाडाकडे येतो. या कादंबऱ्यांतला पैसा मुंबईचा आणि पुण्याचा. वऱ्हाडातला पैसा कसा असतो? तो कापसाचा. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्याकडचे भाव चढले. रेल्वे आली, अकोला, अमरावती, खामगावला जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, पेठा वाढल्या. युद्ध संपलं, भाव पडले. तेव्हापासून इथल्या श्रीमंतीचा स्वभाव हाच आहे. पाऊस, बोंडअळी, भाव, यातलं एक बिघडलं की वाडा तसाच राहतो आणि आतला माणूस कर्जात जातो. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस सरकारलाच द्यायचा. मग चुकारा कधी येणार याची वाट. घरातलं लग्न, पोराची फी, बाईचं मंगळसूत्र सोडवणं, सगळं चुकाऱ्यावर अडलेलं.

अशा गावात बसून कारखानदाराच्या पोराची गोष्ट वाचणारी बाई स्वप्नाळू असते असं आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे. मावशीला त्या पैशाची खोट बरोबर कळायची. ती म्हणायची, "याचा कारखाना कायचा हाये थे लिहिनाराले बी मालूम नाही." आणि खरंच आहे. हिरो ऑफिसात जातो, फाइलवर सही करतो, बस. संप नाही, कर्ज नाही, भाव पडत नाही. पावसाची वाट न बघणारा पैसा. वऱ्हाडातल्या बाईला त्यात फक्त बंगला दिसत नव्हता. तिला दिसत होतं असं घर, जिथे जून कोरडा गेला तरी संध्याकाळी कुणी कुणावर हात उगारत नाही.

आणि मग हुंडा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. म्हणजे या कादंबऱ्यांचा भर होता त्याच काळात हुंडा कागदावर गुन्हा झालेला होता. मावशीचं लग्न १९७३ चं, दुष्काळाच्या पाठोपाठ. त्या लग्नात आजोबांचं तीन एकर गेलं. हे घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांना आकडा माहीत आहे. मावशीने लग्नानंतर एकदा सासरी 'माझ्या बापाचं वावर' असा शब्द काढला होता, त्यावरून काय झालं ते मी इथे सांगत नाही.

आता या जागी कायदा ठेवून बघा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या कमाईच्या मालमत्तेत वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क मुलालाच. महाराष्ट्राने मुलींना तो हक्क १९९४ ला दिला, आणि त्यातही अट होती, की त्याआधी लग्न झालेल्या मुलींना नाही. देशभरात हा हक्क आला आणि लग्नाची अट गेली २००५ ला. म्हणजे मावशीच्या वाचनाची जी ऐन वर्षं होती, त्या सगळ्या वर्षांत तिच्यासारखीच्या नावावर जमीन येण्याचा रस्ता जवळपास बंद होता. बाईच्या आयुष्यात संपत्ती यायची ती नवऱ्याच्या दारातून, आणि त्या दारात शिरायला बापाने पैसे मोजायचे. कादंबरीतला हिरो हा व्यवहार उलटा फिरवतो. तो तिच्या बाबांच्या दोन खोल्यांच्या घरी येतो, फुटक्या कपातला चहा पितो आणि म्हणतो, मला फक्त तुमची मुलगी द्या. मावशी ते पान दोनदा वाचायची.

सगळ्यांचं मत असं नव्हतं हे पण सांगतो. माझ्या आईला ही पुस्तकं अजिबात चालायची नाहीत. ती म्हणते, यातले पुरुष पहिली शंभर पानं बाईचा अपमान करतात आणि शेवटच्या दहा पानांत पश्चात्ताप. श्रीमंत आहे म्हणून तो उद्धटपणा रुबाब ठरतो. तोच गवंड्याने केला तर त्याला काय म्हणाल? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मावशीकडेही नव्हतं, ती विषय बदलायची. शेजारच्या एका काकूंनी तर वाचणंच सोडलं होतं. त्या म्हणायच्या, पुस्तक ठेवलं आणि हे घरी आले की जास्तच त्रास होतो.

जेनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेचं १९८४ चं एक पुस्तक आहे, 'रीडिंग द रोमान्स'. तिने प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून ते लिहिलं. त्या बायकांचं म्हणणं होतं, की वाचत असते तेवढा वेळ माझा असतो, तेव्हा मी कुणाची बायको नाही की आई नाही. हे वाचलं तेव्हा मला मावशीची ती दुपार आठवली. दोन ते चार. दार लोटलेलं, आणि आम्ही पोट्टे अंगणात हाकललेले.

याच्या उलटं टोक म्हणजे श्रीमंत सून. चंद्रकांत काकोडकर हे त्या काळातलं लायब्ररीतलं मोठं नाव. त्यांच्या 'नीलांबरी' वरून राज खोसलांनी १९६९ मध्ये 'दो रास्ते' काढला. राजेश खन्ना, मुमताज, 'बिंदिया चमकेगी' वाला. त्यात बिंदूने केलेली नीला ही श्रीमंत घरची सून, आणि ती येते तशी घर फोडते. म्हणजे बघा, पैसा पुरुषाकडे असला की तो हिरो, आणि बाई स्वतःचा पैसा घेऊन आली की व्हिलन. एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या पुस्तकांतून हे शिकवलं जात होतं.

काकोडकरांवर खटलाही झाला. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' आली आणि अश्लील म्हणून तक्रार झाली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरून २५ रुपये दंड केला. पंचवीस रुपयांसाठी माणूस सुप्रीम कोर्टात गेला आणि १९६९ मध्ये सुटला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की लैंगिक उल्लेख आला एवढ्यावरून कादंबरी तरुणांच्या हातून काढून घ्यायची तर त्यांनी फक्त धार्मिक पुस्तकंच वाचायची. वाचणाऱ्या पोरापोरींना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आणि आता अमरावतीचे उद्धव शेळके, ज्यांच्याशिवाय हा भाग मी केलाच नसता. जन्म १९३१, मृत्यू १९९२. त्यांची 'धग' १९६० ची. वऱ्हाडी बोलीत मराठी कादंबरी काय करू शकते हे बघायचं असेल तर ती वाचा. त्यात कौतिक नावाची बाई आहे, नवरा महादेव शिंपी, कामाचा कंटाळा असलेला, आणि संसार ओढणारी ती. या पुस्तकात पैसा आहे, पण तो आण्या-पैशात मोजलेला. पीठ किती, मजुरी किती, कुणाचं देणं राहिलं. इथे श्रीमंत माणूस कुणाला वाचवायला येत नाही.

'धग' चं कौतुक झालं, पण कौतुकावर चूल पेटत नाही. शेळके लेखणीवर जगणारे. पुढे त्यांनी प्रकाशकांना हव्या तशा प्रेमाच्या, शृंगाराच्या, झटपट वाचून होणाऱ्या कादंबऱ्या डझनावारी लिहिल्या. टीकाकार आजही हळहळतात, की 'धग' लिहिणाऱ्या माणसाने हे काय केलं. मला त्या हळहळीचा थोडा राग येतो. त्यांच्या घरी किराणा कोण भरणार होतं? कौतिकचा हिशेब ज्याने इतका अचूक लिहिला, त्याला स्वतःच्या घराचा हिशेब कळत नव्हता असं मानायचं का?

मी मावशीला 'धग' वाचायला दिली होती, मोठ्या अभिमानाने. तिने चार दिवसांत वाचली. मी विचारलं, कशी वाटली? म्हणाली, "लय खरी हाये." आणि पुस्तक माझ्या हातात देऊन तिने उशाखालून दुसरं काढलं. मी म्हटलं, आवडली नाही का? "आवडली ना. पन थे मले मालूमच होतं."

आता मावशी नाही. तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, फोनवर प्रतिलिपीवरच्या कथा वाचते. हिरो आता सीईओ झालाय, कारखान्याऐवजी कंपनी आहे, आणि ती कंपनी काय बनवते ते अजूनही कळत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, मी सांगतो, इतका मोकळा वेळ असलेला सीईओ मी पाहिलेला नाही. मागच्या महिन्यात ताईने मला एका कथेखाली टाकलेली स्वतःची कमेंट दाखवली. तिने लेखिकेला विचारलं होतं, की लग्नानंतर हिरॉइनच्या नावावर काही करतो की नाही हा? पुढच्या भागात ते लिहा.

तुमच्या घरी लायब्ररीच्या शिक्क्याचं, शेवटच्या पानावर पेन्सिलीने काही लिहिलेलं जुनं पुस्तक असेल, तर त्या पानाचा फोटो पाठवा. नाव-गाव झाकून पाठवा. पुढच्या भागात आपण ती मतं वाचू. भेटू.