धर्ममातापित्यांची जामीनकी

आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वहींत प्रत्येक बालकाच्या नोंदींत आईबापांखेरीज आणखी एक-दोन नांवें आढळतात. तीं धर्मपिता व धर्ममाता यांचीं होत. या जुबिलीच्या मंगल प्रसंगीं त्या नांवांचा इतिहास थोडक्यांत सांगणें उचित वाटतें.

इ. स. २०० च्या सुमारास कार्थेज येथील तेर्तुलियन यानें बाप्तिस्म्यावर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यांत धर्ममातापित्यांस ‘स्पोन्सोर’, म्हणजे जामीन, असें म्हटलें आहे. तो छळाचा काळ होता. नवागताच्या वर्तनाविषयीं त्यास आणणाऱ्यांनीं साक्ष द्यावी लागे. बालकांविषयीं मात्र तेर्तुलियन कचरतो. जामीन मरून जाईल, अथवा मूल वाईट वळणास लागेल, मग वचनाचें काय? म्हणून बाप्तिस्मा लांबवावा, असें त्याचें मत. ख्रिस्तसभेनें तें मानिलें नाहीं. पण जामीनकीचें ओझेंहि हलकें केलें नाहीं.

संत ऑगस्टीनच्या काळीं बहुधा आईबापच मुलास पुढें करीत. टाकून दिलेल्या अर्भकांस कधीं व्रतस्थ कुमारिका घेऊन येत. इ. स. ८१३ त माइंट्सच्या धर्मपरिषदेनें आईबापांस स्वतःच्या मुलाचे जामीन होण्यास मनाई केली. पुढें एकेका बालकास अनेक धर्ममातापिता लाभूं लागले, आणि त्या आध्यात्मिक नात्यांमुळें विवाहांत अडथळे वाढले. तेव्हां १५६३ सालीं ट्रेंटच्या परिषदेनें एकच जामीन, फार तर एक पुरुष व एक स्त्री, अशी मर्यादा घातली.

१९८३ च्या धर्मसंहितेनें त्या नात्याचा विवाहनिर्बंध वगळला. तरी धर्ममातापिता सामान्यतः सोळा वर्षें पूर्ण केलेले, दृढीकरण व ख्रिस्तशरीर स्वीकारलेले, श्रद्धेस शोभेल असें जीवन जगणारे कॅथलिक असावेत, हा दंडक आहेच.

आणि आपण? सोन्याची साखळी कोण घालील, हें पाहून आपण जामीन निवडतों. पुष्कळदां लग्नाच्या वेळीं बाप्तिस्म्याचा दाखला हातीं येतो, तेव्हांच तरुणास आपल्या धर्मपित्याचें नांव प्रथम कळतें. तेर्तुलियनची भीति ती हीच.

प्रिय बंधुभगिनींनो, ज्यांचीं नांवें त्या वहींत आहेत, त्यांनीं या जुबिली वर्षीं आपल्या धर्मपुत्राच्या, धर्मकन्येच्या घरीं एकदां जावें. मूल प्रार्थना करतें कीं नाहीं, हें प्रेमानें विचारावें. त्या दिवशीं बालकाला बोलतां येत नव्हतें. त्याच्या वतीनें आपण बोललों होतों. देव तें वचन विसरलेला नाहीं.