आधी गंज वाचा

हिंदमातेला राहून जुने लोखंड जमवायचे म्हणजे हौसच. जुलैत चौकात पाणी तुंबते, ते ओसरले तरी खारी दमट हवा कपाटात मुक्कामालाच असते. तरीही चोर बाजारातून परतताना तुमची पिशवी जड झाली असेल, तर या विषयात तुमचे स्वागत आहे.

पिशवीतले जुने लष्करी पिस्तूल लखलखत असेल तर मात्र जरा काळजी करा. पॉलिश पेपरखाली चापाच्या पट्टीवरचा शिक्का एकदा गेला की गेलाच, आणि वाचायचा असतो तो नेमका तोच. ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारांवर आधी बदामाच्या आकारातली अक्षरे असत. १८०८च्या सुमारास त्या जागी मागच्या पायांवर उभा सिंह आला. ठासणीचा गज बिजागरीने नळीलाच अडकवलेला दिसला तर पिस्तूल बहुधा स्वाराचे, कारण घोड्यावर हातातून सुटलेला गज परत कोण उचलणार? बाजूला कमरपट्ट्यात अडकवायची आकडी असेल तर ते आरमारी. रंजकाच्या वाटीभोवती, कानापाशी बारीक खड्डे असतील तर आनंद माना: तिथे दारू खरोखर जळली आहे. सुस्थिती म्हणतात ती अशी. काळसर, शांत, खुणा शाबूत.

कायद्याची सुस्थिती निराळी. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचे ४५वे कलम जुन्या हत्याराला सूट देते, पण ते दुरुस्त करूनही झाडता येणार नसेल तरच. म्हणजे पिस्तूल जितके धड, तितकी परवान्याची चौकशी आधी करायची. शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी पाठवायचा विचार १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे सोडूनच द्या.

दसऱ्याला आपल्या घरांतून तलवारी, कट्यारी पूजेला निघतात, पिस्तूल क्वचितच. १८७८च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणे बंद केले, त्याचाही यात वाटा असावा, असे मला वाटते. म्हणून विकत घेण्याआधी डोळा तयार करावा तो काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयातल्या शस्त्रदालनात, किंवा पुण्याला केळकर संग्रहालयात.

घरी आणलेले पिस्तूल चामडी म्यानात ठेवू नये, चामड्यातल्या आम्लाने लोखंड खाल्ले जाते. कोरड्या फडक्याने पुसून मेणाचा पातळ हात द्यावा. आणि ठेवावे वरच्या फळीवर. खालच्या कप्प्यात का नको, हे हिंदमातेच्या माणसाला सांगायला नको.