कार्ताझ ते पासपोर्ट : जुन्या मोटारीच्या शर्यतीचा कागद



आजचा विषय वाचून काही मंडळी मनात हसली असतील. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने मोटारीच्या शर्यतीवर बोलायचं, आणि तेही शर्यतीवर नाही, तर शर्यतीला लागणाऱ्या कागदावर! पण या कागदात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. एखादी वस्तू ‘तीच’ आहे, हे कोण ठरवतं आणि कशावरून ठरवतं? आज आपण हा प्रश्न एका साध्या घरगुती मोटारीला विचारणार आहोत. इंग्रजीत अशा चार दारांच्या बंद गाडीला सलून म्हणतात. आपल्याकडे सलूनमध्ये केस कापतात, म्हणून आम्ही तिला घरगुती मोटारच म्हणू.

सुरुवात आपल्या किनाऱ्यापासून करू. तारापूरचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. त्याआधी हा सगळा पट्टा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, आणि समुद्रावर त्यांचा एक कागद चालायचा. त्याचं नाव कार्ताझ. शब्द मुळात अरबी ‘किर्तास’, म्हणजे कागदच. त्यावर जहाजाचं नाव, नाखवा कोण, जहाज किती मोठं, हत्यारं किती, कुठून कुठे जाणार, हे लिहिलेलं असे. कागद नसेल तर जहाज जप्त. कान्होजी आंग्र्यांनीही पुढे आपली दस्तकं चालवली. समुद्रात तुम्ही कोण आहात हे तुमच्या शिडापेक्षा कागद जास्त खात्रीने सांगत असे. आता हाच मजकूर लक्षात ठेवा : नाव, माप, सामान, मालक. मोटारींच्या शर्यतीत तो जवळजवळ तसाच परत भेटतो.

मोटार क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना १९०४ मध्ये स्थापन झाली. १९४६ मध्ये तिचं नाव एफआयए झालं. शर्यतीचा कागद सरकार देत नाही, क्लब देतात, ही परंपरा तेव्हापासूनची आहे. विमानांचंही तसंच होतं. जे. आर. डी. टाटांना १९२९ मध्ये मिळालेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना एरो क्लबने दिलेला होता.

आता अडचण कुठे आली बघा. लोकांना बघायची होती ती आपल्या घरासमोर उभी असते तसल्या गाडीची शर्यत. कारखानदारांना जिंकायचं होतं. मग कारखानदार काय करणार? नाव घरगुती गाडीचं ठेवायचं आणि आत सगळं खास शर्यतीचं भरायचं. यावर उपाय म्हणून मान्यतेचा तक्ता आला. कारखान्याने लिहून द्यायचं की इंजिनाचा बोअर इतका, स्ट्रोक इतका, कार्बोरेटर अमुक, ब्रेक तमुक, सोबत फोटो, आणि अशा गाड्या आम्ही खरोखर बनवल्या आहेत. एफआयएच्या परिशिष्ट ‘जे’मध्ये १९६६ पासून गट ठरले. पहिल्या गटासाठी सलग बारा महिन्यांत ५,००० गाड्या, दुसऱ्या गटासाठी १,०००. फोर्डने लोटस कंपनीबरोबर लोटस कॉर्टिना ही गाडी काढली, ती अशाच एक हजाराच्या अटीसाठी. ती १९६३ मध्ये मान्य झाली आणि १९६४ मध्ये जिम क्लार्कने तिच्यावर ब्रिटनची सलून गाड्यांची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. म्हणजे कागद गाडीच्या मागून आला असं नाही. कागदासाठी गाडी जन्माला आली!

पन्नास-साठ वर्षं गेली. त्याच गाड्या आता जुन्या गाड्यांच्या शर्यतीत धावतात. तिथे परिशिष्ट ‘के’ लागू होतं, आणि गाडीला हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट लागतो. बरं का, पासपोर्ट हाच शब्द आहे. तो देशाची मान्यताप्राप्त क्रीडासंस्था देते. आपल्याकडे ती एफएमएससीआय. मुदत दहा वर्षं. गाड्यांचे कालखंड पाडलेले आहेत. उदाहरणार्थ, १९६२ ते १९६५ हा एक कालखंड. अट अशी की गाडी त्या काळात ज्या रूपात होती, त्याच रूपात आज असली पाहिजे. लोटस कॉर्टिनाची मागची स्प्रिंगची रचना १९६५ मध्ये बदलली. तेव्हा आधीच्या रूपाची गाडी आणि नंतरचे पाटे अशी खिचडी चालत नाही. आणि सिद्ध कोणी करायचं? मालकाने. कशावरून? त्या काळातल्या कागदावरून. मान्यतेचा तक्ता, कारखान्याचं मॅन्युअल, सुट्या भागांचा कॅटलॉग, तेव्हाची मासिकं, तारखेचे फोटो. ‘आमच्या वडिलांच्या वेळेपासून अशीच आहे’ याला तिथे किंमत नाही.

इथे आमच्यातला शिक्षक जागा होतो, माफ करा. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला विचारतो की तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? चाक? आस? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी ठरतं ते असं की हे भाग एकत्र आले म्हणजे ‘रथ’ हे नाव वापरायचं. ग्रीकांकडे थिसियसच्या जहाजाचा हाच वाद आहे. हॉब्जने त्यात भर घातली : काढलेल्या जुन्या फळ्या जपून त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? जुन्या मोटारींच्या जगात हे कोडं पुस्तकातलं नाही. एकाच चॅसिस नंबरावर दोन गाड्या हक्क सांगू शकतात. पासपोर्ट या वादात पडतच नाही. तो म्हणतो, गाडीची रचना त्या काळची आहे एवढं मी सांगतो. तिचा इतिहास खरा आहे याची हमी मी देत नाही. नागसेनाला हे पटलं असतं.

आता आपल्या गाडीकडे येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिची डिलाइट आली, १९७४ मध्ये तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी ती हीच. त्यातली नोंद असलेली शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली.

समजा, कोणी पालघरचा तरुण म्हणाला की मला डिलाइट जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरवायची आहे. तो इटलीतल्या फियाट ११०० डीचा कागद शोधील. पण त्या गाडीचं इंजिन १,२२१ सीसीचं, बोअर ७२ मिलिमीटर. आपल्या गाडीचं १,०८९ सीसीचं, बोअर ६८. स्ट्रोक दोन्हीकडे ७५. दिसायला बहिणी, पण कागदावर वेगळ्या. म्हणजे कुर्ल्याच्या गाडीला कुर्ल्याचाच कागद हवा. त्यात आपल्या गॅरेजवाल्यांनी तीनदा बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकलेले. त्या कौशल्यावरच या गाड्या चाळीस-चाळीस वर्षं चालल्या, आम्ही त्याला नावं ठेवणार नाही. पण किती वाढवला, कधी वाढवला, हे कुठे लिहिलंय?

सरकारी कागदाची गोष्ट आणखी वेगळी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी, चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. अगदी पहिल्या पद्मिनी आता कुठे या उंबरठ्यावर आल्या आहेत. पण ही गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन आणि देखभाल यांसाठीच. शर्यतीचं नाव त्यात नाही. सार्वजनिक जागेत शर्यत करायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारची लेखी संमती लागते.

पेच पुढे आहे. शर्यतीचे सुरक्षानियम बंद गाडीच्या आत पोलादी सांगाडा मागतात, ज्याला रोल केज म्हणतात. चालकाचा जीव वाचवायचा तर तो हवाच. इकडे आरटीओचा नियम म्हणतो, मूळ रूपाला हात लावू नका. आणि कलम ५२ खाली कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा फेरफार चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. एक कागद गाडीला जपायला सांगतो, दुसरा माणसाला. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. मालकाला मात्र ठरवावं लागतं की गाडी रस्त्याची ठेवायची की बंद ट्रॅकची. आणि परदेशी न्यायची असेल तर कार्ने नावाचा तिसरा कागद. तो मुंबईत १९१९ पासून असलेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. गाडी शुल्काविना आत येईल आणि परत जाईल याची ती हमी. कार्ताझाचीच ही धाकटी भावंडं!

हे सगळं तारापूर-बोईसरमध्ये का सांगायचं? कारण हे तुमच्याइतकं कोणाला कळणार नाही. एमआयडीसीत औषधाच्या कारखान्यात काम केलेल्यांना माहीत आहे की बॅच रेकॉर्डवर लिहिलं नाही, ते झालंच नाही. पोलादवाल्यांना हीट नंबर माहीत आहे. १९६९ पासून वीज देणाऱ्या अणुकेंद्रात साधा व्हॉल्व्हसुद्धा कागदाशिवाय बसत नाही. कामावर आपण इतके काटेकोर. आणि घरी आल्यावर गाडीचं मॅन्युअल रद्दीत, गॅरेजची बिलं गणपतीच्या आधीच्या साफसफाईत!

युरोपातली जुनी घरगुती मोटार आज शर्यतीत उभी राहते, ती तिथले कारागीर आपल्यापेक्षा हुशार म्हणून नव्हे. तिथे कोणीतरी तक्ते, कॅटलॉग आणि फोटो जपले म्हणून. आपल्याकडे गाड्या माणसांनी जगवल्या, आणि ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या डोक्यातलं ज्ञान कागदावर आलं नाही, तर उद्या पद्मिनी राहील, पण ती पद्मिनीच आहे हे सिद्ध करता येणार नाही.

म्हणून एवढंच सांगणं. ज्यांच्या घरी मॅन्युअल, पार्टबुक, आरसी बुक, जुनी बिलं किंवा गाडीसमोर काढलेला लग्नातला फोटो असेल, त्यांनी मागे तारीख घालून तो जपावा. ज्यांनी कुर्ल्यात किंवा गॅरेजात काम केलं, त्यांच्याकडून नातवंडांनी मापं लिहून घ्यावीत. शर्यतीत उतरायचं की नाही ते पुढची पिढी बघेल. उतरायचं ठरवलं, तर तिच्या हातात कागद असू द्या.