उन्हाचा काटा कुणाच्या हाती?

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर चढला की आम्ही वऱ्हाडी माणसे उन्हाला शिव्या घालतो. आता त्याच उन्हाला भाव आला आहे. आणि भाव म्हटला की मला कापूस आठवतो.

१८५३ साली फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे सोपवला. इंग्रजांचा डोळा इथल्या काळ्या मातीवर होताच. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस थांबला आणि अमरावती-अकोल्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. १८७० साली खामगावपर्यंत आगगाडी आली, पण दर ठरे लिव्हरपूलला. पिकवणारा एकटा आणि काटा दुसऱ्याचा! १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली ती याच दुखण्यावर. पुढे ती तोट्यात गेली, हेही सांगायला हवे.

विजेच्या बाबतीत आपण इतकी वर्षे फक्त गिऱ्हाईक होतो. बाळापूर तालुक्यातल्या पारसला कोळसा जळतो, बिल घरी येते. २०१५ साली महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे नियम आले आणि घरही वीज पिकवू लागले. दिवसाची जास्तीची वीज तारेत सोडायची, बिलात तेवढी वजा करून घ्यायची. २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे.

पण आमच्या मोहल्ल्यात कुणाचे टिनाचे छप्पर, कुणाची भाड्याची खोली. त्यांनी पॅनेल कुठे ठेवायचे? दिल्लीत २०१९ साली एका सामाईक संचाची वीज अनेक घरांच्या बिलांत वाटून देण्याची सोय झाली. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी तर २०१६ साली सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज एकत्रितपणे वीज कंपनीला विकली.

एकी नसेल तर कार्बन क्रेडिटही हाती लागत नाही. हा बाजार १९९७च्या क्योतो करारातून उभा राहिला. भारताने आपली योजना २०२३ साली अधिसूचित केली. हिशेब ढोबळ सांगतो. तीन किलोवॉटचा संच वर्षाला साधारण चार हजार युनिट देतो. तेवढी वीज कोळशावर केली असती तर सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असता. एक टन म्हणजे एक क्रेडिट. तीन क्रेडिटची पुडी घेऊन बाजारात उभे कोण करणार? नोंदणी-तपासणीचा खर्चच त्याहून मोठा. म्हणजे शेकडो घरांची क्रेडिटे गोळा करणारा कुणीतरी मध्ये हवा. तो घरवाल्यांचीच सोसायटी असेल की बाहेरचा व्यापारी, यावर सगळे अवलंबून आहे.

शेजारचे चाचा जिनिंगमध्ये राबून म्हातारे झाले. मुलाने गच्चीवर पॅनेल बसवले, तेव्हा मी त्यांना हे सारे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, "भाऊ, त्यातबी अडत कापतात काय?"