तितूरचा पूर आणि दवंडी

आपल्या शाळेच्या दिवसांत पाटणादेवीच्या डोंगरांवर पाऊस धरला, की तितूर-डोंगरीकाठच्या गावांत कोतवाल दवंडी पिटी. गोठ्यातली गुरे वेळेत सुटत. कागदावर काहीच नव्हते, पण कोणी काय करायचे हे ठरलेले असे.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले, जिल्ह्याचा आराखडा जळगावला होऊ लागला. कायदा हवाच होता; मात्र गावाने आपले काम सरकारवर सोपवून टाकले, असे मला वाटते. 31 ऑगस्ट 2021 ला दोन्ही नद्या चाळीसगावात शिरल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, शेकडो जनावरे दगावली. कित्येक तर दाव्यालाच बांधलेली!

पाणी आधी कोणत्या गल्लीत चढते, हे सांगणारे आता आपल्याच वयाचे उरलेत. मी वहीत लिहून घेतो आहे.