कोणता पियानोवादक प्रत्यक्ष ऐकावा? मैफलीचा इतिहास आणि नांदेड-लातूरचा श्रोता

१/ नांदेडहून देवगिरी किंवा नंदीग्राम, लातूरहून लातूर एक्सप्रेस. रात्रभराचा प्रवास, सकाळी मुंबई, संध्याकाळी नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये पियानोची मैफल आणि पुन्हा रात्रीची गाडी. दीड तासाच्या वादनासाठी इतका खटाटोप. तीच रचना त्याच वादकाकडून मोबाइलवर विनामूल्य ऐकता येते. मग कोणासाठी जावे आणि कोणासाठी जाऊ नये? या प्रश्नाचा इतिहास मोठा रंजक आहे. थ्रेड.

२/ आरंभी एक गोष्ट ध्यानात घेऊ. एकट्या वादकाने संपूर्ण संध्याकाळ पियानो वाजवावा, ही प्रथा फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मैफल संमिश्र असे. एखादी गायिका, एक व्हायोलिनवादक, थोडा वाद्यवृंद आणि मध्येच पियानो. केवळ एका माणसाला ऐकण्यासाठी तिकीट काढणे लोकांना विचित्र वाटले असते.

३/ फ्रान्झ लिस्ट याने ही चौकट मोडली. १८३९ मध्ये रोममध्ये त्याने एकट्याने मैफली केल्या. ९ जून १८४० रोजी लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समधील कार्यक्रमाच्या जाहिरातीत ‘रिसायटल्स’ हा शब्द आला. शब्दाचा मूळ अर्थ पठण. पियानोवर पठण कसे करणार, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. आज तोच शब्द जगभर रूढ आहे.

४/ त्याआधी १८३७ मध्ये सतरा वर्षांच्या क्लारा वीकने (पुढे क्लारा शूमान) बर्लिनमध्ये समोर स्वरलिपी न ठेवता बेथोव्हेन वाजवला. त्या काळी हा आगाऊपणा ठरला, पुढे तोच नियम झाला. एकटा माणूस, समोर कागद नाही आणि सभा बांधून ठेवायची. मराठवाड्यातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. आपला कीर्तनकार हेच करीत आला आहे.

५/ याच काळात वाद्यही बदलत होते. लिस्टच्या तडाख्याने तारा तुटत, म्हणून रंगमंचावर जादा पियानो ठेवलेला असे. पुढे ओतीव लोखंडाची चौकट आली. आजच्या मोठ्या पियानोची लांबी सुमारे नऊ फूट, पट्ट्या ८८ आणि तारांचा एकत्रित ताण वीस टनांच्या आसपास. परिणामी दोन हजार श्रोत्यांचे सभागृह मायक्रोफोनशिवाय भरू लागले.

६/ आपल्या निर्णयाचा पहिला निकष इथेच मिळतो. पियानो हे विनाध्वनिक्षेपक ऐकण्याचे वाद्य आहे. त्याचा स्वर लाकडातून, हवेतून आणि सभागृहाच्या भिंतींवरून आपल्यापर्यंत येतो. तोच स्वर मोठ्या मैदानात ध्वनिवर्धकातून येणार असेल, तर वादक कितीही थोर असो, आपण प्रवास करून पुन्हा एक प्रकारचे ध्वनिमुद्रणच ऐकतो. वादकाच्या नावाइतकेच सभागृहाचे नावही पाहावे.

७/ विसाव्या शतकाच्या आरंभी तबकडी आली. तिच्या एका बाजूवर जेमतेम चार मिनिटे मावत. १९४८ मध्ये एलपी आली, त्याच सुमारास चुंबकीय फीतही रुळली. फीत कापून जोडता येते. पाच वेळा वाजवावे, त्यातील उत्तम तुकडे जोडावेत आणि निर्दोष वादन विकावे. तेव्हापासून ध्वनिमुद्रण आणि मैफल या दोन वेगळ्या कला झाल्या.

८/ कॅनडाच्या ग्लेन गूल्डने या फरकाची तार्किक परिणती गाठली. १० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याने शेवटची जाहीर मैफल केली. वय अवघे ३१. त्याच्या मते मैफल हा रानटी प्रकार होता, श्रोते वादकाच्या चुकीची वाट पाहत बसतात. पुढची अठरा वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, तो स्टुडिओतच राहिला. बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची त्याची १९५५ आणि १९८१ ची ध्वनिमुद्रणे आजही संदर्भ मानली जातात.

९/ गूल्डचा युक्तिवाद हसून सोडून देण्याजोगा नाही. काही वादकांचे सर्वोत्तम काम खरोखरच ध्वनिमुद्रणात असते. ते विचार करतात, निवडतात, घासूनपुसून एक वस्तू घडवतात. अशांना घरी शांतपणे ऐकणे हाच त्यांचा सन्मान. रात्रीच्या गाडीचे आरक्षण त्यांच्यासाठी नको.

१०/ आता उलट उदाहरण. व्लादिमिर होरोवित्झ १९५३ मध्ये मंचावरून दूर झाला आणि बारा वर्षांनी, ९ मे १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परतला. आरंभीच्याच स्वरांत चूक झाली. त्या मैफलीची तबकडी ‘लाइव्ह’ म्हणून विकली गेली, मात्र तिच्यातील काही सदोष जागा दुरुस्त केलेल्या होत्या. असंपादित रूप २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

११/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबावे. ‘प्रत्यक्ष’ असा शिक्का असलेले साधनही संपादित असू शकते, हा आपल्या अभ्यासाचा पहिला धडा. असंपादित मैफल ऐकताना त्या घसरणीनंतर वादक स्वतःला कसा सावरतो हे कळते आणि तोच त्या संध्याकाळचा सर्वांत मानवी क्षण आहे. असा क्षण पुसट होऊ न देणारी जागा एकच, आपली सभागृहातील खुर्ची.

१२/ मात्र नावावर विसंबू नये, हेही होरोवित्झच शिकवतो. १९८३ मध्ये टोकियोत तो औषधांच्या परिणामाखाली वाजवत होता. वादन इतके ढासळले की जपानी समीक्षक योशिदा हिदेकाझू यांनी त्याला तडा गेलेल्या पुराणवस्तूची उपमा दिली. तीन वर्षांनी, २० एप्रिल १९८६ रोजी, तोच होरोवित्झ मॉस्कोत वाजवत होता आणि श्रोत्यांचे डोळे पाणावले होते.

१३/ एकच माणूस, दोन मैफली, दोन टोके. म्हणून दुसरा निकष असा: वादकाची कीर्ती कोणत्या वर्षाची आहे हे विचारावे. वीस वर्षांपूर्वीच्या तबकडीवरून आजचे तिकीट काढू नये. गेल्या हंगामात तो कसा वाजला, याविषयी दोन-तीन वेगवेगळ्या श्रोत्यांचे म्हणणे वाचावे. एका साधनावर विसंबायचे नाही, हा नियम इथेही लागू.

१४/ गूल्डच्या अगदी विरुद्ध टोकाला ग्रिगोरी सोकोलोव्ह आहे. जन्म १९५०, लेनिनग्राड. १९६६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने चायकोव्स्की स्पर्धा जिंकली. गेली कित्येक दशके तो स्टुडिओत ध्वनिमुद्रण करीत नाही. त्याच्या तबकड्या मैफलींतूनच निघतात. वाद्यवृंदासोबत वाजवणेही त्याने थांबवले. कार्यक्रम संपल्यावर पाच-सहा जादा रचना वाजवणे ही त्याची ख्याती. मैफल हेच ज्याचे कार्यक्षेत्र आहे, असा कलावंत प्रत्यक्षच ऐकावा.

१५/ याउलट काहींच्या बाबतीत तिकिटासोबत जोखीमही विकत घ्यावी लागते. आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली मैफली रद्द करण्यासाठी प्रसिद्ध होता, मार्था आर्गेरिचविषयीही तेच. मुंबईकराची संध्याकाळ रद्द झाली तर तो घरी जाऊन जेवतो. लातूरकराचे दोन दिवस, रजा आणि गाडीभाडे बुडते. समीक्षेच्या पुस्तकांत हा हिशेब नसतो, कारण ती पुस्तके राजधान्यांत लिहिली जातात.

१६/ म्हणून मला या इतिहासातील सर्वांत मोठा प्रसंग स्व्यातोस्लाव रिख्टरचा वाटतो. १९८६ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, तो लेनिनग्राडहून व्लादिव्होस्तोकपर्यंत आणि परत असा सोव्हिएत संघ ओलांडत निघाला. सोबत यामाहा पियानो. वाटेत सैबेरियातील अशा लहान गावांत त्याने वादन केले, जिथे धड सभागृहही नव्हते. जगाने ज्याला डोक्यावर घेतले होते, तो स्वतः गाव शोधत गेला.

१७/ उत्तरायुष्यात रिख्टर सभागृहात अंधार करून, फक्त स्वरलिपीवर पडणाऱ्या छोट्या दिव्याच्या उजेडात वाजवत असे. श्रोत्यांनी आपले हात आणि चेहरा पाहू नये, रचना ऐकावी, ही त्याची धारणा. प्रत्यक्ष ऐकायला जाणे म्हणजे प्रसिद्ध माणूस पाहायला जाणे, हा आपला समज तो एका दिव्याने मोडीत काढतो.

१८/ आता आपल्याकडे येऊ. मुंबईत या संगीताची मुळे जुनी आहेत. ज्यू निर्वासित संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ मध्ये मुंबईत आला, त्याने चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. आकाशवाणीच्या प्रसिद्ध संकेतधुनेचे श्रेय त्यालाच दिले जाते. १९३५ मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. एनसीपीएचे टाटा थिएटर १९८० मध्ये, जमशेद भाभा थिएटर १९९९ मध्ये उघडले आणि २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला.

१९/ त्या काळी नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. मुंबईचे हे जग राजकीय सीमेपलीकडचे होते. मग पट्ट्यांचे वाद्य ऐकणारा कान आपल्याकडे नव्हताच का? होता आणि आहे. तो पेटीवर तयार झाला.

२०/ पेटीही युरोपातलीच. अलेक्सांद्र दबेंने १८४२ मध्ये पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. १८७५ च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवता येणारी पेटी घडवली. पियानो आणि पेटी दोघांचेही स्वर ठरलेले, दोघांनाही मींड नाही. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये सैल झाली.

२१/ आणि बंदीच्या त्याच दशकांत मराठवाड्यातील जालना परिसरातून आलेले अप्पा जळगावकर (१९२२-२००९) पेटीला गायला लावत होते. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, जसराज अशांना त्यांनी साथ केली. २००० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाद्यात मींड नसताना मींडेचा भास निर्माण करणे, ही खरी कसोटी. शोपँ आपल्या शिष्यांना गायक ऐकायला सांगे, ते याचसाठी.

२२/ फरक एवढाच की पेटीचा स्वर भात्याने फुलवता येतो. पियानोचा स्वर हातोडी तारेवर आदळताच विझू लागतो. विझणाऱ्या स्वरांतून अखंड गाणे ऐकू येत असेल, तर वादक मोठा. हे मोबाइलच्या कर्णयंत्रात अर्धवट कळते, कारण स्वराचा शेवट सभागृहाच्या हवेत घडतो. तिसरा निकष हाच: ज्याच्या बोटांच्या वेगाची चर्चा आहे, त्याच्याआधी ज्याच्या संथ रचनांची चर्चा आहे त्याला निवडावे.

२३/ हा कान घडवायला नांदेडकराला मुंबई गाठावी लागत नाही. सचखंड गुरुद्वाऱ्यात पेटीच्या साथीने कीर्तन नित्य चालते. शंकरराव चव्हाण यांच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या ‘संगीत शंकर दरबार’मध्ये नामवंत येतात. तिथे गायकासोबत पेटीवाल्याच्याही जवळची जागा धरावी. गायक कुठे वळणार हे त्याला क्षणभर आधी कसे कळते, हे पाहिलेला श्रोता पियानोच्या मैफलीत नवखा राहत नाही.

२४/ सारांश. जावे: सभागृह विनाध्वनिक्षेपक वादनासाठी बांधलेले असेल, वादकाची अलीकडची मैफल नावाजली असेल आणि त्याचे उत्तम काम मंचावर घडत असेल, तर. नंतर पाहावे: जो स्टुडिओत रमतो, ज्याची कीर्ती जुन्या तबकड्यांवर उभी आहे, जो वारंवार कार्यक्रम रद्द करतो. आणि दूरच्या खुर्चीतून ऐकलेल्या विख्यात वादकापेक्षा लहान सभागृहात जवळून ऐकलेला, अजून नाव न झालेला तरुण वादक अधिक देऊन जाण्याची शक्यता नेहमी गृहीत धरावी.

२५/ शेवटचा मुद्दा. ‘कोणाला ऐकावे’ हा प्रश्न महानगरात आवडीनिवडीचा असतो, आपल्याकडे तो अंतराचाही आहे. रिख्टरने ते अंतर स्वतः कापले, कारण लहान गावातील श्रोत्याचा हक्क त्याला मान्य होता. नांदेड-लातूरमध्ये एक चांगला पियानो, एक शांत सभागृह आणि शे-दोनशे जाणते श्रोते असतील, तर गाडी कधीतरी उलट दिशेनेही धावेल. तुमच्या गावात असे सभागृह कोणते होऊ शकेल? खाली जरूर लिहा.